भेंडीचा एजंट

उंबरआळी गावठाणात व्हिक्टर मिस्किटा काय करतो असं कुणी विचारलं, तर एका शब्दात उत्तर मिळतं: बसतो. तो आयुष्यभर एका कारखान्यात फिटर होता, तिथून निवृत्त झाला, कारखान्याच्या जागी आता काचेची इमारत उभी आहे, हे सगळं खरं. पण त्याची ओळख ती नव्हे. मतदानाच्या दिवशी पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत, चौथीच्या वर्गात, खिडकीखालच्या बाकावर तो उमेदवाराचा पोलिंग एजंट म्हणून बसतो. काम सांगायला सोपं आहे. सकाळी यंत्र नीट चालतंय ना ते पाहायचं, त्याच्या मोहरेवर सही करायची, आणि मग संध्याकाळपर्यंत आत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून हा तोच आहे ना, एवढं ठरवायचं. तोतया वाटला तर केंद्राध्यक्षांकडे हरकत घ्यायची. एकदा एक इसम कार्ल डिमेलो म्हणून मत द्यायला आला, तेव्हा व्हिक्टर जागचा न हलता म्हणाला होता, "साहेब, कार्लला ईस्टरच्या आधी मी खांदा दिलाय. त्या मानानं तब्येत सुधारलीय."

उंबरआळी कांजूर आणि भांडुप यांच्या मधे कुठेतरी आहे. नकाशावर शोधायला जाऊ नये. शहराच्या विकास आराखड्यालाही ती अजून नीट सापडलेली नाही. गल्ल्या अशा, की समोरासमोर दोन माणसं आली तर एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. वस्ती ईस्ट इंडियन कॅथलिकांची, म्हणजे आडनाव पोर्तुगीज, नाव एखाद्या संताचं आणि भांडण अस्सल मराठीत. यांचे आजे भात पिकवायचे आणि खाडीत जाळं टाकायचे. नातवंडं विमानतळावर, बँकेत आणि कॅनडात आहेत. शेतांच्या जागी सोसायट्या आल्या. त्यातल्या एका सोसायटीत, पूर्वी मिस्किटांचं खळं होतं त्या जागेच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर श्यामकांत टिपणीस राहतो. विमा कंपनीतून निवृत्त, टापटिपीचा, खिशाला दोन पेनं. व्हिक्टरच्या बाकावर दुसऱ्या टोकाला एकोणनव्वद सालापासून बसणारा विरोधी एजंट हाच.

या दोघांना समजून घ्यायचं तर आधी मतदारसंघ समजून घ्यावा लागतो, आणि तो अजून मतदारसंघालाही नीट समजलेला नाही. ईशान्य मुंबई म्हणजे एका नळावर पाणी भरणारी सहा बिऱ्हाडं. मुलुंड हे कोपऱ्यातलं, गुजराती-मराठी, संध्याकाळी बागेत फिरायला जाणारं. भांडुप कोकणातून आलेल्या कामगारांचं, गणपतीत कुलूप लावून गावाला पळणारं. विक्रोळीत कारखान्यांच्या वसाहती. कारखाने आटले, वसाहती उरल्या. घाटकोपरची दोन बिऱ्हाडं, पश्चिमेला डोंगरावर चढलेलं आणि पूर्वेला सपाटीवर व्यापार मांडून बसलेलं. सहावं मानखुर्द-शिवाजीनगर, कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. ते बाकीच्या पाचांना फक्त मतमोजणीच्या दिवशी आठवतं. आधी या घरात चेंबूर, ट्रॉम्बेही होतं. २००८ साली सरकारनं सीमा नव्यानं आखल्या आणि चेंबूर 'दक्षिण-मध्य'मध्ये गेलं. चेंबूर जागचं हललं नव्हतं. पण दिशा ठरवण्याचा अधिकार दिशांना नसतो.

अशा सहा बिऱ्हाडांचं एकमत व्हायचं ते फक्त एका बाबतीत: आहे तो खासदार पुन्हा नको. १९७७ आणि १९८० साली या मतदारसंघानं एकाच माणसाला लागोपाठ निवडून दिलं होतं. तो प्रकार त्यानं पुन्हा केलेला नाही. चौऱ्याऐंशीला हाताचा पंजा, एकोणनव्वदला कमळ, मग पंजा, मग कमळ, मग पंजा, मग कमळ, असा झोपाळा कितीतरी वर्षं चालला. मध्येच घड्याळ आलं. एकदा कमळ लागोपाठ आलं खरं, पण तेव्हा पक्षानं स्वतःच माणूस बदलून मतदारांचे कष्ट वाचवले. व्हिक्टर पंजाचा, त्यामुळे एका निवडणुकीत तो पेढे खायचा आणि श्यामकांत खिडकीबाहेर बघायचा. पुढच्या निवडणुकीत उलट. एवढ्या नियमित वाटणीमुळे दोघांचं वैर फार सुखाचं झालं होतं.

त्यातही गंमत अशी, की श्यामकांत मुळात धनुष्यबाणाचा. शाखेत वाढलेला. पण युतीच्या वाटपात लोकसभेची ही जागा कायम कमळाकडे, म्हणून खासदारकीला तो दरवेळी दुसऱ्याच्या फुलासाठी बाकावर बसला. व्हिक्टर पंजाचा, पण २००९पासून आघाडीच्या वाटपात जागा घड्याळाला गेली, म्हणून तो घड्याळासाठी बसला. दोघंही घरचं कार्य असल्यासारखे दुसऱ्याच्या लग्नात राबत होते. मतदानाच्या दिवशी व्हिक्टरची बायको सिसिलिया दोघांना पुरतील एवढे फुगे पाठवायची, म्हणजे गोल फुगलेली तळलेली पावासारखी भाकरी, आणि श्यामकांतच्या घरून रत्नप्रभावहिनींची साबुदाण्याची खिचडी यायची. डबे उघडले की दोन्ही पक्ष दोन्हीकडचं खात. "कमळाच्या खिचडीत मीठ कमी असतं," असं व्हिक्टरचं राजकीय निरीक्षण होतं.

गावठाणाचा यात वेगळा विचार नव्हता. पंचायत बसत नसे, सभा होत नसे. व्हिक्टर ज्याच्यासाठी बसतो, त्याला मत. तो पंजासाठी बसला तेव्हा गावानं पंजाला दिलं, घड्याळासाठी बसला तेव्हा घड्याळाला. घड्याळ का, असं कुणी विचारलं नाही. चर्चच्या घंटेला कुणी कारण विचारतं का? व्हिक्टरला मात्र वाटायचं, की गावठाण राजकीयदृष्ट्या जागरूक आहे.

दोन हजार बावीस-तेवीसमध्ये महाराष्ट्रात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पक्ष फुटले, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. धनुष्यबाण एका अर्ध्याकडे गेला, घड्याळ दुसऱ्याच एका अर्ध्याकडे गेलं, आणि दोन्ही कमळाच्या शेजारी जाऊन बसली. श्यामकांत राहिला जुन्या शाखेबरोबर, तिला मशाल मिळाली. मशालीची पंजाशी आघाडी झाली. २०२४च्या लोकसभेला ईशान्य मुंबईची जागा मशालीला सुटली, आणि उंबरआळीच्या बाकावर एक अशी अडचण उभी राहिली जिचा विचार कुठल्याही वाटाघाटीत झाला नव्हता. व्हिक्टर आणि श्यामकांत एका बाजूला आले होते. उमेदवार एक. आणि एका उमेदवाराचा एका केंद्रात एका वेळी एकच एजंट बसू शकतो.

"यात प्रश्न काय आहे?" शाखेचे प्रमुख भाऊ दोघांना समोर बसवून म्हणाले. भाऊ वयानं दोघांच्या मुलांएवढे, पण शाखेत सगळेच त्यांना भाऊ म्हणत, म्हणून व्हिक्टरही म्हणायचा. "टिपणीस काका मुख्य एजंट, मिस्किटा अंकल रिलीव्हर. काका जेवायला उठले की अंकल बसणार. झकास."

"किती वेळ जेवतो तो?" व्हिक्टरनं विचारलं.

"वीसेक मिनिटं."

"म्हणजे मी वीस मिनिटांचा एजंट."

"अंकल, आघाडीधर्म असतो ना. जागा आमची आहे."

श्यामकांतला हे मान्य होतं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर ते साहजिकच होतं. आयुष्यभर कमळासाठी राबल्यावर खासदारकीला पहिल्यांदा आपल्या पक्षाचं चिन्ह यंत्रावर येत होतं. त्यासाठी व्हिक्टरची नाराजी सोसायचीही त्याची तयारी होती. तो पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिला.

व्हिक्टर घरी येऊन ओट्यावर बसला. सहासष्ट वर्षांचा होता. गुडघे बोलायला लागले होते. बाकावरून उठताना ते आधी बोलायचे, मग तो. ही आपली शेवटची लोकसभा, हे त्यानं कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं. पुढची यायला पाच वर्षं, तोवर कोण कुठे. शेवटची वेळ दिवसभर बाकावर काढायची, संध्याकाळी शेवटचा मतदार गेला की यंत्राच्या पेटीवर सही करायची आणि पाठ सरळ करायची, एवढीच त्याची मागणी होती. फार मोठी गोष्ट नव्हे. पण बाक त्याचा होता.

"रिलीव्हर तर रिलीव्हर," सिसिलिया आतून म्हणाली. "घरी बसून तरी काय अंडी घालणार आहेस?"

"मी जाणारच नाय."

"मग फुगे किती जणांचे करू ते सांग."

तोडगा निघाला तो साकीनाक्याहून. व्हिक्टरचा मुलगा एल्टन तिथे एका ग्राइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. मालक जयवंत घाग. या जयवंतला निवडणूक लढवण्याची आवड होती, जशी कुणाला कबुतरांची असते. महापालिका, विधानसभा, लोकसभा, जे येईल ते. अपक्ष. पूर्वी त्याला चिन्ह म्हणून शिलाई मशीन मिळालं होतं, एकदा कपाट. या वेळी भेंडी मिळाली होती. प्रचार म्हणजे एक रिक्षा, तिच्यावर कर्णा, आणि कर्ण्यात जयवंतचाच आवाज: "भेंडीसमोरचं बटण दाबा, आरोग्य सांभाळा." त्याला मतं हवी असत असं नव्हतं. मोजणीच्या दिवशी आपलं नाव मोठ्यानं वाचलं जातं, ते ऐकायला तो जात असे.

एल्टननं बापाची तक्रार सहज सांगितली. जयवंत दुसऱ्या दिवशी उंबरआळीत हजर.

"मिस्किटासाहेब, माझा एकही एजंट नाही. बायको बसत नाही, भाऊ बसत नाही. तुम्ही बसा माझ्यातर्फे. अख्खा दिवस बसा. कुणी उठवणार नाही."

"पण मी मशालवाल्यांच्या बाजूचा," व्हिक्टर म्हणाला. "माझं मत तिकडं जाणार."

"द्या की. मला तुमचं मत कुठं हवंय? एजंट हवाय. माझ्याही बाजूनं कुणीतरी बसलंय असं जरा दिसू दे."

इतक्या प्रामाणिक उमेदवाराला नाही म्हणणं व्हिक्टरला जमलं नाही. फॉर्म भरला गेला. व्हिक्टरनं सरळ श्यामकांतच्या घरी जाऊन सांगितलं. श्यामकांत हसला. बाकाचं दुसरं टोक रिकामं राहणार नाही, हे ऐकून त्यालाही बरं वाटलं असावं.

"भेंडी?"

"भेंडी."

"मग माझ्याकडं हरकतीच्या नजरेनं बघणार तू परत."

"तुझ्या तोंडाकडं बघितलं तर कुणीही हरकत घेईल रे."

इथपर्यंत कुणाचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते रविवारी, मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, आणि चुकलं तेही नियम पाळल्यामुळे.

मे महिन्यात उंबरआळीत दर संध्याकाळी नाक्यावरच्या क्रूसापुढे लदीन असते. मेणबत्त्या लावायच्या, पोरं झेंडूच्या माळा घालणार, बायका प्रार्थना म्हणणार, पुरुष मागे उभे राहून शेवटच्या ओळीला आवाज देणार, आणि संपलं की कागदाच्या पुडीत उकडलेले चणे. गावाची खरी बोलणी चणे खाताना होतात. त्या दिवशी प्रचार बंद झालेला होता; मतदानाआधीच्या शांततेत कुणी कुणाला अमक्याला मत द्या म्हणायचं नाही, हा कायदा. मुंबईत हा कायदा पाळणारी जी मोजकी माणसं असतील, त्यांत व्हिक्टर होता. एजंटानं नियम मोडला तर मग तोतयात आणि त्याच्यात फरक काय, असं तो म्हणायचा.

जेनेव्हिव्ह मावशी ऐंशीच्या पुढची. तिनं चण्याची पुडी उघडत विचारलं, "व्हिक्टर, उद्या हायस ना रे आत?"

"आहे मावशी. सकाळपासून. येताना कार्ड आणा सगळ्यांनी."

"कोणाकडून हायस?"

प्रश्न सरळ होता, आणि उत्तर खोटं देणं व्हिक्टरच्या स्वभावात नव्हतं. "भेंडीकडून," तो म्हणाला.

मावशीनं मान डोलावली. आजूबाजूच्या चार-पाच जणींनी मान डोलावली. एकीनं शेजारणीला कोपरानं ढोसून "भेंडी" असं सांगितलं. व्हिक्टरला वाटलं, सगळ्यांना कळलंय: बाकावर बसायला मिळावं म्हणून केलेली ही सोय आहे, गाव आघाडीचं आहे, गाव मशालीलाच देणार. आणखी समजावणं म्हणजे प्रचार झाला असता. तो चणे खाऊन घरी गेला.

मतदानाचा दिवस उत्तम गेला. व्हिक्टर खिडकीखाली, श्यामकांत दुसऱ्या टोकाला, मधे कमळाची एजंट जान्हवी, तिशीतली मुलगी, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची नाडी. कमळाला उंबरआळीत माणूस मिळाला नव्हता म्हणून तिला मुलुंडहून आणलं होतं. ती एकाही मतदाराला ओळखत नव्हती. सकाळी अकरापर्यंत तिनं दोघांना विचारलं, "काका, हे तेच आहेत ना?" आणि दोघांनी एकमेकांकडे बघून खरं सांगितलं. दुपारी तीन पक्षांनी एका डब्यातले फुगे खाल्ले. गावठाण रांगेनं आलं. प्रत्येक जण आत येताना व्हिक्टरकडे एक नजर टाकायचा आणि मग पुठ्ठ्याच्या आडोशाला जायचा. एवढं मतदान या केंद्रावर बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. संध्याकाळी व्हिक्टरनं सही केली, पाठ सरळ केली. घरी जाऊन, पिण्यावर बंदीचा दिवस असल्यामुळे, सरबत प्यायला.

चार जूनला मोजणी. श्यामकांत मोजणी एजंट म्हणून जाळीपलीकडे उभा होता. उंबरआळीच्या यंत्राचा आकडा फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा त्यानं चष्मा पुसला. मग दुसऱ्यांदा पुसला. मशाल निवडून आली. अख्खा मतदारसंघ मिळून आली. पण उंबरआळीच्या त्या एका यंत्रात मशाल तिसरी होती. सोसायट्यांतली मतं कमळाला. गावठाणातली मतं भेंडीला. बाकीच्या कुठल्याही केंद्रावर ज्या भेंडीला दोन आकडी मतं पडली नव्हती, तिला इथे तीन आकडी होती. जाळीपलीकडच्या लोकांनी हा जयवंत घाग कोण म्हणून विचारलं. जयवंत तिथेच होता. त्यानं हात वर केला. नंतर तो भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिला. आपलं नाव ऐकायला आलेल्या माणसावर एवढा प्रसंग यायला नको होता.

श्यामकांत संध्याकाळी गुलाल लागलेल्या शर्टानं व्हिक्टरच्या ओट्यापाशी आला. बसला नाही.

"पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या चिन्हासाठी बसलो," तो म्हणाला. "आयुष्यात एकदा माझं चिन्ह आलं. माझ्याच बूथवर तिसरं."

"श्याम, मी कुणाला काही सांगितलं नाय रे."

"तेच तर. एवढं तरी सांगायचं होतंस, की ती बसण्यापुरती भेंडी आहे."

"शांततेचा काळ होता."

श्यामकांतनं त्याच्याकडे असं पाहिलं, की व्हिक्टरला पहिल्यांदाच त्या नजरेत हरकत दिसली. "तुझ्या गावानं मशालीला नाही दिलं, भेंडीलाही नाही," तो म्हणाला. "तुझ्या बसण्याला दिलं." आणि तो निघून गेला. त्यानंतर उन्हाळा संपला, गणपती झाले, ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेण्याचा आगेरा झाला, आणि तिसरा मजला ओट्याशी बोलला नाही.

निकालानंतर त्याच आठवड्यात व्हिक्टर घरोघर गेला होता. मत गुप्त असतं, हे त्यानं आधी सांगायचं आणि मग विचारायचं, असं ठरवलं होतं. पण विचारावं लागलंच नाही. लोक स्वतःहून, आनंदानं सांगत होते.

"दिलं ना भेंडीला. का? निवडून नाय आला तो?"

"अरे पण मावशी, आपण आघाडीचे ना?"

"ते मला काय ठाव," जेनेव्हिव्ह मावशी म्हणाली. "तू बसलास, मी दिलं. तू पंजाकडून बसलास तवा पंजाला दिलं. घड्याळाकडून बसलास तवा माझ्या घरात धड चालणारं घड्याळ नव्हतं, तरी दिलं. आता तूच इचारतोस का दिलं?"

"मनाला येईल त्याला द्यायचं असतं."

"मंग तू बसतोस कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर निवडणूक आयोगाच्या पुस्तिकेत होतं, आणि ते व्हिक्टरला पाठ होतं. तोतया मतदान होऊ नये म्हणून. मावशीच्या दारात उभं राहून ते म्हणणं त्याला जमलं नाही. घरी येऊन तो सिसिलियाला म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटत होतं, हे लोक विचार करतात."

"करतात ना," ती मसाला कुटायला मिरच्या निवडत म्हणाली. "तुझा करतात. तूच कुणाचा करत नव्हतास."

नोव्हेंबरात विधानसभा लागली. मधल्या काळात व्हिक्टरचा भाव वाढला होता. एका बाकावर बसून तीन आकडी मतं हलवणारा माणूस म्हणून विभागात त्याची चर्चा झाली होती. जयवंत घाग हार घेऊन येऊन गेला. महापालिकेला मी इथूनच उभा राहतो म्हणाला. व्हिक्टरनं त्याला चहा दिला आणि वर्कशॉप नीट चालव म्हणून सांगितलं. मग भाऊ स्वतः आले.

"अंकल, या वेळी मुख्य एजंट तुम्ही. टिपणीस काका रिलीव्हर. मी बोललोय त्यांच्याशी."

"काय म्हणाला?"

"पेनाचं टोपण काढलं, लावलं."

मे महिन्यात जे हवं होतं ते आता ओट्यावर चालत आलं होतं. व्हिक्टरनं गुडघ्यावर हात ठेवला. "मी बसणार नाय," तो म्हणाला. "श्यामला बसवा. मी साधा मतदार. दुपारी येईन, मत देईन, जाईन."

त्यानं गावातही तसंच सांगितलं. या वेळी मी आत नाही, कुणाकडूनच नाही. ज्याला त्याला ज्याचं त्याचं मत. लोकांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. हा 'बरं' व्हिक्टरनं जरा तपासून घ्यायला हवा होता.

मतदानाच्या दिवशी तो सकाळी ओट्यावर पेपर वाचत होता. ल्युसी, बेनेडिक्ट, मिनेझिसची सून, जो तो गल्लीतून जाताना विचारायचा, "अजून गेला नाहीस?" आणि नाही म्हटलं की परत फिरायचा. साडेअकराला सिसिलिया दूध घेऊन आली आणि म्हणाली, शाळेत कुत्रं नाही. बारा वाजता उन्हातून श्यामकांत आला. डोक्यावर रुमाल, हातात पास. पाच महिन्यांनी ओट्याच्या पायरीवर पाय ठेवत होता.

"बूथ रिकामा आहे," तो म्हणाला.

"सोसायटीवाले?"

"ते सकाळी येऊन गेले, सेल्फी काढून. तुझं गाव घरात बसलंय."

"मी सांगितलं त्यांना. मनाला येईल तिथं द्या."

"तेच ऐकून बसलेत. मनाला काय येतंय, त्याची वाट बघतायत." श्यामकांतनं रुमालानं मान पुसली. "हे बघ, जून महिना मी विसरलो नाहीये. विसरणारही नाही. पण रिकाम्या वर्गात त्या केंद्राध्यक्षाशी किती बोलायचं? त्याच्या किडनी स्टोनबद्दल मला सगळं माहीत झालंय. रिलीव्हर म्हणून तुझं नाव घातलंय मी फॉर्मवर."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नियम सांगितले असतेस. चल, ऊठ. मी जेवतो इथं. वहिनी, आहे काय?"

"कोलंबी आहे," सिसिलिया म्हणाली. "आणि किती वेळ जेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, भावजी."

"आज सावकाश," श्यामकांत म्हणाला, आणि चपला काढून आत गेला.

व्हिक्टर शाळेकडे निघाला. गल्लीतून जाताना दारांचे पडदे हलले. तो बाकावर बसून पुरता टेकलाही नसेल, तोच गाव यायला लागलं. रांग वऱ्हांड्यापर्यंत गेली. या वेळी मधे कमळाची जान्हवी नव्हती, विधानसभेची जागा धनुष्यबाणाला सुटल्यामुळे त्याचा कुणी नवीन मुलगा होता. तो फोन बाजूला ठेवून सरळ बसला. व्हिक्टर एकेकाचं तोंड ओळखत होता, आणि ओळखून झालं की लगेच खिडकीबाहेर बघत होता. आपल्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं असेल तर ते कुणी वाचू नये, असा त्याचा प्रयत्न होता. मागच्या बाजूला शाळेची घसरगुंडी होती. तिच्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यानं ती पुष्कळ पाहिली.

जेनेव्हिव्ह मावशी काठी टेकत आली. बोटाला शाई लावून घेतली. आडोशाकडे जाता जाता बाकासमोर थांबली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "व्हिक्टर, आज कोणाकडून रे?"

केंद्राध्यक्षांनी मान वर केली. केंद्रात एजंटानं मतदाराशी एक शब्द बोलायचा नसतो. व्हिक्टरच्या खिशावर पास होता, पासावर उमेदवाराचं नाव होतं. त्यानं त्या नावावर आपला तळवा ठेवला.

"साहेब, मतदाराला पुढं जायला सांगा," तो केंद्राध्यक्षांना म्हणाला.

मावशी त्याच्या तळव्याकडे बघत राहिली. मग आडोशामागे गेली. यंत्राचा आवाज आला नाही. रांगेतल्या बेनेडिक्टनं घड्याळ पाहिलं. केंद्राध्यक्ष उठून "आजी, बटण दाबा" म्हणणार होते, पण तेही नियमात बसतं की नाही याची त्यांना खात्री नसावी. ते अर्धवट उठून पुन्हा बसले. आडोशाखालून काठीचं टोक तेवढं दिसत होतं. ते एकदा डावीकडे सरकलं, एकदा उजवीकडे. मग लांबलचक शिटी वाजली.

मावशी बाहेर आली. बाकासमोरून जाताना थांबली नाही. दारात मात्र वळून म्हणाली, "दिलं मी. कोणाला ते तुला सांगणार नाय."

"सांगू नका, मावशी," व्हिक्टर म्हणाला. नियम मोडून बोलला.

तिच्यामागून बेनेडिक्ट गेला, त्यालाही वेळ लागला. मिनेझिसच्या सुनेला लागला. रांग इतकी हळू सरकायला लागली, की धनुष्यबाणाच्या मुलानं यंत्र बिघडलंय का म्हणून विचारलं. श्यामकांत चारच्या सुमाराला परतला, ढेकर देत, आणि दाराशी उभं राहून खुणेनं विचारलं, मी बसू का? व्हिक्टर बाकावरून उठला. गुडघे बोलले. दोघं वऱ्हांड्यात आले.

"काय म्हणतंय गाव?" श्यामकांतनं विचारलं. दरवेळी संध्याकाळी व्हिक्टर बोटं मोजून गावाचा आकडा सांगायचा, आणि तो चार-दोन मतांपलीकडे कधी चुकत नसे.

"माहीत नाय," व्हिक्टर म्हणाला.

"अंदाज?"

"खरंच माहीत नाय, श्याम."

श्यामकांतनं त्याच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. पेनाचं टोपण काढलं आणि आत बाकावर जाऊन बसला. व्हिक्टर रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याचं स्वतःचं मत अजून द्यायचं होतं.